पाण्यावरचा माग



हल्ली खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही परदेशी चित्रपट घरबसल्या पाहावयास मिळतात. कोणाच्या घरी दूरचित्रवाणी असते, कोणाच्या थोरल्या भावाच्या हातात मोबाइल असतो. मग सोमवारी शाळेत गुरुजींपुढे प्रश्न येतो, ''गुरुजी, परग्रहावरची माणसं खरंच समुद्रात उतरली होती का हो?'' गुरुजींनी तो चित्रपट पाहिलेला नसतो. ते म्हणतात, ''छट्, सगळं खोटं असतं ते!'' आणि धडा पुढे चालू होतो. माझे म्हणणे असे, की एवढ्यावर भागवू नये. त्या खोट्यात बरेच खरे मिसळलेले असते आणि ते निवडून दाखविणे हाच एक चांगला धडा होऊ शकतो. आज अशाच एका चित्रपटाविषयी बोलावयाचे आहे. त्याचे नाव 'बॅटलशिप', म्हणजे युद्धनौका. अमेरिकेत युनिव्हर्सल या कंपनीने तो काढला. पीटर बर्ग हे दिग्दर्शक. २०१२ साली तो जगभर दाखविला गेला. खर्च वीस कोटी डॉलरांच्या वर झाला, पण अमेरिकेत त्या मानाने प्रेक्षक आले नाहीत. टीकाकारांनीही त्याला फारसे चांगले म्हटले नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पृथ्वीवरचे शास्त्रज्ञ दूरच्या एका ग्रहाकडे संदेश धाडतात. काही वर्षांनी त्या ग्रहावरून पाच याने येतात. त्यांतले एक वाटेत उपग्रहाला धडकून हाँगकाँगवर कोसळते. उरलेली चार हवाई बेटांजवळ पॅसिफिक महासागरात उतरतात. तेथे अनेक देशांच्या आरमारांचा सराव चाललेला असतो. परग्रहावरचे लोक बेटांभोवती एक अदृश्य घुमट उभारतात. आतले बाहेर जाऊ शकत नाही, बाहेरचे आत येऊ शकत नाही. आत सापडतात त्या तीनच नौका, दोन अमेरिकन आणि एक जपानी. त्यांतल्या दोन बुडतात. उरलेल्या नौकेवर सर्वांत वरचा अधिकारी म्हणून जो उरतो, तो ॲलेक्स हॉपर नावाचा तापट, बेशिस्त तरुण. आदल्याच दिवसांत बडतर्फीची वेळ आलेला! बुडालेल्या जपानी नौकेचा कप्तान नागाता हाही त्याच नौकेवर घेतला जातो. या दोघांचे आधी चांगलेच भांडण झालेले असते. पुढची लढाई हे दोघे मिळून लढतात. एवढी गोष्ट पुरे.

आता यातली गंमत बघा. हा चित्रपट कादंबरीवरून काढलेला नाही, इतिहासावरून नाही, पुराणावरून तर नाहीच. तो काढला आहे पोरांच्या एका खेळावरून. कागद-पेन्सिलीने खेळावयाचा हा खेळ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाश्चात्त्य देशांत चालू होता. १९३१ साली अमेरिकेत त्याच्या छापील वह्या विकावयास आल्या. १९६७ साली मिल्टन ब्रॅडली या कंपनीने प्लॅस्टिकच्या पाट्या आणि खुंट्या काढल्या, आणि मग तो घरोघर गेला. चित्रपटात परग्रहावरचे लोक जे बाँब फेकतात त्यांचा आकार नीट पाहा, हुबेहूब त्या प्लॅस्टिकच्या खुंटीसारखा आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या खेळाला तुमच्या शाळेत एक पैसा खर्च नाही. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. प्रत्येकाच्या पाटीवर दहा उभी आणि दहा आडवी अशी शंभर घरे आखावयास सांगा. वरून एक ते दहा आकडे, बाजूने क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ ही अक्षरे. प्रत्येकाने आपल्या पाटीवर पाच नौका लपवावयाच्या. एक पाच घरांची, एक चार घरांची, दोन तीन-तीन घरांच्या आणि एक दोन घरांची. आडवी ठेवा, उभी ठेवा, तिरपी मात्र नाही. मग एकाने पुकारावयाचे, ''घ-सात!'' दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगावयाचे, ''पाणी'' किंवा ''लागली''. ज्याच्या सर्व नौका आधी बुडतील तो हरला.

शंभर घरांत नौकांनी व्यापलेली घरे सतराच. म्हणजे पहिला नेम आंधळेपणाने टाकला तर लागण्याचा संभव शंभरांत सतरा. मुले सुरुवातीला मनाला येईल ते घर पुकारतात. चार-दोन डाव झाल्यावर एखादी चुणचुणीत मुलगी एक घर सोडून एक असे पुकारू लागते. तिला विचारा, ''असं का ग?'' सर्वांत लहान नौकासुद्धा दोन घरांची आहे. शंभर घरांना बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग दिले तर कोणतीही नौका निदान एका काळ्या घरावर असणारच. तेव्हा नुसती पन्नास काळी घरे तपासली की एकही नौका तुमच्या हातून सुटत नाही. निम्मे श्रम वाचले. दोन घरांची नौका बुडाली आणि तिनाहून लहान काही उरले नाही, की मग तिरप्या ओळींनी तिसरे-तिसरे घर धरले तर तेहतीस घरांतच काम भागते. हे गणित फळ्यावर सांगून मुलांना कंटाळा येईल. खेळातून मात्र ते त्यांना आपोआप सुचते. आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश शिकविताना निम्मी वाट अगोदरच चालून झालेली असते.

खेळाचे मर्म काय, तर शत्रू दिसत नाही. आपण घर पुकारतो, दुसरा 'पाणी' म्हणतो, आणि त्या 'पाणी'तूनही आपल्याला काहीतरी कळते. दर्यावर लढणाऱ्यांचे तरी दुसरे काय असते? दर्यावर रात्री, धुक्यात, शत्रूचे जहाज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रडार आले. रडार रेडिओच्या लहरी सोडते. त्या जहाजावर आपटून परत येतात, आणि परत यावयास किती वेळ लागला यावरून अंतर कळते. डोंगरापुढे उभे राहून हाळी दिली की प्रतिध्वनी येतो ना? तसेच. पाण्याखाली रेडिओच्या लहरी फार दूर जात नाहीत, तेथे ध्वनीचा उपयोग करतात. त्याला सोनार म्हणतात.

चित्रपटात परग्रहावरच्या यानांपुढे रडार आंधळे होते. रात्र पडते. तेव्हा नागाता एक युक्ती सांगतो, आणि माझ्या मते साऱ्या चित्रपटातला हाच भाग सर्वांत चांगला आहे. तो म्हणतो, यान दिसत नसले तरी त्याने बाजूला सारलेले पाणी दिसेल. हवाई बेटांभोवती त्सुनामीची सूचना देणारे बोये समुद्रात सोडलेले आहेत. त्यांतला कोणता हलला ते पडद्यावर पाहावयाचे. पडद्यावर चौकोन-चौकोन उमटतात, एकेक बोया हलल्याची खूण होते, आणि अधिकारी अक्षर व आकडा पुकारतात. पाटीवरचाच खेळ, फक्त खडूच्या जागी क्षेपणास्त्र! जहाजाचा ताबा त्या वेळी तरुण अमेरिकन अधिकारी आपण होऊन नागाताच्या हाती देतो. हा माणूस आपल्याहून अधिक जाणतो हे ओळखून खुर्ची सोडणे ही गोष्टही काही लहान नव्हे.

आता प्रश्न असा, की खरोखरीच्या बोयांनी जहाज सापडेल काय? नाही सापडणार. का, ते समजावून घेण्यासारखे आहे.

खुल्या समुद्रातले हे त्सुनामीचे यंत्र दोन भागांचे असते. वर तरंगतो तो बोया. पण खरे काम करणारा भाग तळाशी, चार-चार पाच-पाच किलोमीटर खोल बसविलेला असतो. वरच्या पाण्याचा दाब किती आहे हे तो सतत मोजतो. इतक्या खोलीवर असूनही समुद्राची पातळी अगदी थोडीशी, मिलिमीटरच्या मापाने वर चढली तरी त्याला कळते. तो ध्वनीच्या खुणेने ही खबर वरच्या बोयाला देतो, बोया ती उपग्रहाकडे धाडतो, आणि उपग्रहाकडून ती किनाऱ्यावरच्या कचेरीत येते.

तुम्ही विहिरीवर उभे आहात असे समजा. वारा सुटला, पाण्यावर तरंग उठले. तळाचा गाळ हलला का? नाही. वरचे तरंग वरच्यावर जिरतात. पण शेजारच्या कालव्याला पाणी सुटले आणि विहिरीची पातळी वीतभर चढली, तर तळावरचा भारही त्या मानाने वाढतो. जहाजाने उठविलेल्या लाटा पहिल्या जातीच्या आहेत. त्या आखूड असतात, खोल पोहोचत नाहीत. त्सुनामी दुसऱ्या जातीची. तिच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर शेकडो किलोमीटर भरते, आणि ती तळापासून वरपर्यंतचे सारे पाणी हलविते. तळाच्या यंत्राला नेमकी हीच लाट ओळखावयास शिकविलेले असते. वरची खळखळ त्याच्या हिशेबी नाही.

आणखी एक बारकावा वरच्या वर्गातल्या मुलांसाठी. तरंगणारे जहाज आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. म्हणजे आठ-नऊ हजार टनांची विनाशिका आठ-नऊ हजार टन पाणी सारते. मग ती हळूहळू डोक्यावरून गेली तर तळावरचा भार वाढेल का? गेले तेवढे पाणी, आले तेवढे जहाज. भार जवळजवळ जसाच्या तसा. त्यातून हे बोये एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. चित्रपटातल्यासारखे जवळजवळ पेरलेले नसतात. तेव्हा नागाताची युक्ती कल्पना म्हणून झकास, पण अमलात यावयाची नाही.

ती एका जपानी दर्यावर्द्याच्या तोंडी घातली आहे हे मात्र अगदी योग्य झाले. 'त्सुनामी' हा शब्दच जपानी, त्याचा अर्थ बंदरातली लाट. असा विचित्र अर्थ का? १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावरचे कोळी नेहमीप्रमाणे दूर समुद्रात गेले होते. रात्री त्यांच्या होड्यांखालून ती लाट निघून गेली आणि त्यांना कळलेसुद्धा नाही, कारण खोल समुद्रात तिची उंची नगण्य असते. सकाळी ते घरी परतले, तो किनाऱ्यावरची गावे राहिलेली नव्हती. सुमारे बावीस हजार माणसे त्या रात्री गेली. समुद्रात न दिसणारी आणि बंदरातच दिसणारी लाट म्हणून तिला हे नाव. जपानच्या त्याच भागात ११ मार्च २०११ रोजी पुन्हा तसाच प्रलय आला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने हा चित्रपट टोकियोत प्रथम दाखविला गेला. त्या प्रेक्षकांना बोयांचा तो प्रसंग पाहताना काय वाटले असेल!

हवाई बेटांनाही ही लाट नवी नाही. १ एप्रिल १९४६ रोजी दूर उत्तरेला, अलास्काच्या बाजूला अल्युशन बेटांजवळ भूकंप झाला आणि काही तासांनी हवाईतले हिलो शहर लाटेखाली आले. तेथे इशारा देणारे केंद्र उभारले गेले ते त्यानंतर, १९४९ मध्ये.

तुम्ही म्हणाल, हे सारे पॅसिफिकचे झाले, आमचा काय संबंध? संबंध आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भूकंप होऊन हिंदी महासागरात लाटा उठल्या. अंदमान-निकोबार, तामिळनाडू, श्रीलंका, इंडोनेशिया मिळून दोन लाखांवर माणसे मृत्युमुखी पडली. श्रीलंका-तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर पोहोचावयास त्या लाटेला दोनएक तास लागले होते. पळून उंचावर जावयास तेवढा वेळ पुरेसा होता. परंतु सांगणारे कोणी नव्हते, कारण त्या वेळी हिंदी महासागरात अशी यंत्रणाच नव्हती. पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथे आपले त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात आपलेही बोये आहेत. अरबी समुद्रात कशाला, असे कोणी विचारील. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला होता, तेव्हा त्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि येथेही माणसे बुडाली होती.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जे मच्छीमार बंधू हे वाचत असतील त्यांना एक विनंती. खोल समुद्रात असा पिवळा बोया दिसला की त्याच्याभोवती मासळी जमलेली असते, हे तुम्हांला माझ्याहून चांगले ठाऊक. मग होडी त्याला बांधून जाळे टाकण्याचा मोह होतो. सगळ्या जगातल्या समुद्रांवर हे होते. पण त्या ओढाताणीत यंत्र तुटते, साखळी निखळते, आणि मग ते यंत्र महिनोन् महिने मुके राहते. त्या मुक्या महिन्यांत लाट आली तर तिची वर्दी द्यावयास कोणी नाही. बोयापासून होडी लांब ठेवा आणि घरच्या तरुण मुलांनाही सांगून ठेवा.

हे झाले पाण्याचे. आता आभाळाचे. मुलांचा मूळ प्रश्न होता, कोणी येईल का वरून? आजवर कोणी आल्याचा पुरावा नाही. संदेश मात्र आपण खरोखरच पाठविले आहेत. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्टो रिकोमधल्या अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीतून एका तारकागुच्छाकडे एक संदेश सोडला गेला. तो तेथे पोहोचावयास सुमारे पंचवीस हजार वर्षे लागतील! रेडिओची लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. आकाशवाणी केंद्रावरून तुमच्या घरापर्यंत ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत येते. पण सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा जो तारा, तेथे जावयासही तिला चार वर्षांहून अधिक लागतात. चित्रपटात संदेश गेल्यापासून पाहुणे दारात येईपर्यंत सहा-सातच वर्षे लोटतात. म्हणजे एवढ्या वेळात संदेश तेथे गेला, तेथल्यांनी आरमार सज्ज केले आणि ते येथे येऊन पोहोचलेसुद्धा. मुलांना हा हिशेब करावयास द्या. कोठे अडते ते त्यांचे त्यांना सापडेल.

अशा कथांचा मूळ पुरुष म्हणजे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स. मंगळावरच्या प्राण्यांनी इंग्लंडवर स्वारी केल्याची त्याची कादंबरी १८९८ साली प्रसिद्ध झाली. तीत आरमाराची एक नौका पळून जाणाऱ्या माणसांच्या बोटी वाचविण्यासाठी मंगळावरच्या यंत्रांवर चालून जाते आणि त्यात नाश पावते. परग्रहवासी विरुद्ध आरमार ही कल्पना आजची नव्हे. या कादंबरीवरून ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स या नटाने रेडिओ-नाटक सादर केले. ते बातम्यांच्या थाटात होते. गाणे मध्येच थांबवून निवेदक घाबऱ्या आवाजात सांगतो, की अमुक ठिकाणी काहीतरी उतरले आहे! सुरुवातीची सूचना न ऐकलेल्या काही श्रोत्यांना ते खरेच वाटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापले, की देशभर हाहाकार उडाला. तो तितका नव्हता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. रेडिओ हा त्या काळी वर्तमानपत्रांचा नवा प्रतिस्पर्धी होता, तेव्हा पत्रांनीही थोडे मीठमसाला लावले असावे. रेडिओसाठी बोलणारा मनुष्य म्हणून एवढी बाजू घेण्याची मला मुभा असावी!

आता त्या म्हाताऱ्या जहाजाकडे येऊ. नवी नौका बुडाल्यावर नायकाजवळ लढावयास काही उरत नाही. तेव्हा त्याला आठवते, की पर्ल हार्बरमध्ये 'मिसूरी' नावाची जुनी युद्धनौका प्रदर्शन म्हणून उभी आहे. तिच्यावर जुन्या काळचे निवृत्त खलाशी भेटतात. पांढऱ्या केसांची ही मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांतून पुढे येतात आणि आपापल्या जागी उभी राहतात. प्रसंग भाबडा आहे खरा. पण गावातला जुना मोटेवाला, ज्याला इंजिन आल्यापासून कोणी विचारत नाही, तो इंजिन बंद पडल्यावर पुढे येऊन नाडा हातात घेतो तेव्हा जे वाटते, तसेच काहीसे येथे वाटते.

ही 'मिसूरी' खरी आहे. ती न्यूयॉर्कच्या गोदीत बांधली गेली आणि जून १९४४ मध्ये आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे २७० मीटर, वजन ४५,००० टनांहून अधिक. तिच्यावर सोळा इंची तोंडाच्या नऊ तोफा आहेत. तिचा सर्वांत जड गोळा सव्वाबाराशे किलोंच्या घरात भरतो, म्हणजे ज्वारीची बारा पोती, आणि असा गोळा ती सदतीस-अडतीस किलोमीटरवर टाकू शके. चित्रपटात असाच एक गोळा खलाशी खांद्यावरून वाहून नेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ती कोरियाच्या युद्धात लढली, १९५५ मध्ये बाजूला ठेवली गेली, १९८६ मध्ये पुन्हा बाहेर काढली गेली, १९९१ च्या आखाती युद्धात पुन्हा तोफा डागून आली, आणि १९९२ मध्ये कायमची निवृत्त झाली. जानेवारी १९९९ पासून ती पर्ल हार्बरमध्ये लोकांना पाहण्यासाठी खुली आहे.

अर्थात प्रदर्शनातली नौका एका रात्रीत निघू शकत नाही. तिच्यात ना इंधन, ना दारूगोळा. बाष्पकांना वाफ धरावयासच कितीतरी तास लागतात, आणि लढाईच्या काळी तिच्यावर हजारांनी माणसे राबत. नांगर टाकून तिला गर्रकन वळविण्याचा प्रसंगही असाच. तिवड्याला दावे बांधलेला बैल जसा गोल फिरतो, तसे नांगराभोवती जहाज फिरविण्याची रीत शिडांच्या काळात अडचणीच्या वेळी वापरीत. पण पन्नासएक हजार टनांचे धूड पूर्ण वेगात असताना असा हिसका बसला, तर साखळी टिकणे कठीण.

तरीही ही नौका निवडण्यात एक अर्थ आहे. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात याच 'मिसूरी'च्या डेकवर जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली. सही करणारे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू यांचा एक पाय १९३२ मध्ये शांघायला बाँबस्फोटात गेला होता. लाकडी पायाने आणि काठीच्या आधाराने ते जहाजाच्या शिडीवरून वर आले. चित्रपटात त्याच डेकवर जपानी कप्तान आणि अमेरिकन अधिकारी खांद्याला खांदा लावून लढतात. आणि किनाऱ्यावरच्या डोंगरात परग्रहवासीयांशी दोन हात करणारा जो सैनिक दाखविला आहे, त्याची भूमिका ग्रेगरी गॅडसन या खऱ्या लष्करी अधिकाऱ्याने केली आहे. २००७ मध्ये इराकमध्ये रस्त्यावरच्या स्फोटात त्याचे दोन्ही पाय गेले. पडद्यावर दिसतात ते कृत्रिम पाय खरे आहेत.

हवाईजवळचा अनेक देशांचा तो आरमारी सरावही खरा आहे. तो १९७१ पासून भरतो, आणि २०१४ साली मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आपली 'सह्याद्री' ही नौका त्यात सामील झाली होती. एकेकाळचे वैरी तेथे एकाच रांगेत उभे राहतात.

मला या चित्रपटात खटकले ते वेगळेच. परग्रहावरचे लोक कशासाठी आले, हे शेवटपर्यंत कोणी विचारीत नाही. बारकाईने पाहिले तर असे दिसते, की त्यांच्या डोळ्यांवरच्या यंत्रात ज्याच्यापासून धोका त्याला लाल खूण होते आणि ज्याच्यापासून धोका नाही त्याला हिरवी. मैदानात उभ्या असलेल्या एका लहान मुलाला हिरवी खूण होते आणि त्यांचे यंत्र त्याला सोडून पुढे जाते. समुद्रावर पहिला गोळा सुटतो तो आपल्या आरमाराकडून, इशारा म्हणून. त्यानंतर संहार सुरू होतो. पुढे तेच लोक रस्ते-पूल उद्ध्वस्त करतात, माणसे मारतात, तेव्हा ते सज्जन होते असे मुळीच नव्हे. पण आधी संदेश कोणी धाडला, आणि पहिली तोफ कोणी डागली? चित्रपट पाहून आलेल्या मुलांना हे दोन प्रश्न जरूर विचारा आणि त्यांना वर्गात भांडू द्या. पाटीवरच्या खेळात समोरची नौका का बुडवावयाची, असा प्रश्न पडत नाही, कारण तेथे नौकेत माणसे नसतात. चित्रपटाने खेळाकडून बाकी सारे घेतले, त्याबरोबर हेही घेतले.

'मिसूरी'च्याच चरित्रात याच्या उलट एक प्रसंग आहे. तो चित्रपटात नाही. ११ एप्रिल १९४५, ओकिनावाजवळची लढाई. एका जपानी वैमानिकाने आपले विमान सरळ 'मिसूरी'वर आणून घातले. ते उजव्या बाजूला आदळले, आग लागली, ती विझविली गेली. जहाजावरचे कोणी दगावले नाही. वैमानिकाचे प्रेत मात्र डेकवर येऊन पडले होते. खलाशांपैकी पुष्कळांना ते तसेच समुद्रात लोटून द्यावेसे वाटत होते, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता. कप्तान विल्यम कॅलहन यांनी ते होऊ दिले नाही. त्याने आपले कर्तव्य केले आहे आणि त्याला सैनिकाला साजेसा निरोप मिळेल, असे त्यांनी ठरविले. दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशी रांगेत उभे राहिले, सलामीच्या बंदुका झडल्या, आणि त्या अनोळखी शत्रूला विधिपूर्वक जलसमाधी देण्यात आली. युद्ध त्यानंतर आणखी चार महिने चालले. विमान जेथे आदळले तेथे जहाजाच्या कडेला पडलेला पोचा अजून तसाच आहे. पर्ल हार्बरला जाणाऱ्यांना तो दाखवितात.